मलिद्याचं ताट

मी ज्यू का झाले असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं, आणि त्यांतल्या एकालाही उत्तर ऐकायचं नव्हतं. ऊर्जानगरच्या कॉलनीतल्या बायकांना मागं काहीतरी लफडं हवं होतं. नवऱ्याच्या नातेवाइकांना माझी चूक पकडायची होती. आणि माझा बाप नुसतं "काऊन?" म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत पायांत चपला घालायचा. त्यामुळे हा प्रश्न कोणी विचारला की माझं डोकं आजही सटकतं. इथं सांगते आहे ते कोणी विचारलं नाही म्हणून.

बापापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण खरं भांडण त्याच्याशी होतं. आमचं मूळ गाव वैनगंगेच्या काठचं. छप्पन साली तो दीक्षा घेऊन आला, आणि आल्या आल्या त्यानं घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत नेऊन सोडले. त्याची आई काठावर बसून रडत होती म्हणे. बावीस प्रतिज्ञा त्यानं पाठ केल्या, आणि वर स्वतःची एक घातली: कुठल्याही देवापुढं ठेवलेलं अन्न तोंडात घालायचं नाही. पुढं तो वनखात्यात नाकेदार झाला, म्हणजे जंगलातून निघणारे लाकडाचे ट्रक अडवून तपासायचं काम. एकदा त्याच्या साहेबाच्या घरी सत्यनारायण होता. सगळा स्टाफ पंगतीत बसला, साहेब स्वतः वाढत होता. शिऱ्याचा द्रोण समोर आला तसा यानं हात मागं घेतला. साहेब पुढच्या पानाकडे वळला. पण थोड्याच दिवसांत याची बदली आत जंगलात झाली, जिथं पावसाळाभर रस्ताच नसायचा. माझी आई तिथंच तापानं गेली, दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही. मी तेव्हा शाळेत होते. द्रोणभर शिऱ्यापायी, असं मी मनात कितीदा म्हटलं असेल. तोंडानं कधी म्हटलं नाही. खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं तोही कधी म्हणाला नाही.

आई होती तोवर घरात वंदना व्हायची, पौर्णिमेला खीर व्हायची. ती गेल्यावर ते सगळं बंद झालं, आणि आमच्या घरी धर्म म्हणजे काय काय करायचं नाही एवढंच उरलं. भिंतीवर दोन फोटो, फळीवर पुस्तकं, आणि त्या पुस्तकांतून वर न बघणारा बाप. पुढं बापाची बदली झाली त्या अहेरीत दुसऱ्या घरांतून जेवणाचे, भांडणाचे, सणाचे आवाज यायचे. आमच्या घरातून रेडिओचा यायचा.

चंद्रपूरला शिकून मी ऊर्जानगरच्या शाळेत लागले. वीज केंद्र तेव्हा नवं नवं सुरू झालं होतं, सगळी कॉलनीच बाहेरून आलेल्यांची. बॉयलरवर पाळीनं काम करणारा एक कोकणातला माणूस होता, घरी अस्सल मराठी बोलणारा आणि धर्मानं ज्यू. ज्यू म्हणजे ख्रिश्चनच ना, असं कॉलनीत सगळे म्हणायचे आणि तोही कंटाळून हो म्हणायचा. आम्ही कोर्टात लग्न केलं. बापाचं मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. "हिंदू नाई ना तो?" त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाला, आणि साक्षीदार म्हणून सही करायला स्वतःचं पेन घेऊन आला.

नवऱ्याला धर्माशी फारसं देणंघेणं नव्हतं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांच्यात काम करायचं नसतं, त्याला शब्बाथ म्हणतात. याची पाळी नेमकी तेव्हाच असायची. बॉयलरला कुठला शब्बाथ, असं म्हणून तो डबा घेऊन केंद्राच्या बसमध्ये बसायचा. त्याचे भाऊ आणि बहीण इस्रायलला निघून गेले होते. आई मात्र मागं ठाण्याला राहिली होती, आणि मनात येईल तेव्हा ट्रंक घेऊन आमच्याकडे महिनेच्या महिने राहायला यायची. ही माझी सासू. कमालीची स्वच्छ, कमालीची हुशार, आणि जिभेला हाड नाही.

मी या धर्माकडे वळले ते तिच्याच घरी. लग्नानंतर ठाण्याला पेसाहचा सण होता, मिसर देशातून त्यांच्या पूर्वजांची सुटका झाली त्याचा. त्या दिवशी जेवणाआधी घरातले सगळे मिळून मोठ्यानं म्हणतात, आम्ही मिसरात गुलाम होतो. मी हे ऐकलं आणि हातातला पेला हातातच राहिला. आमच्या कॉलनीत माझं आडनाव ऐकल्यावर माणसं जरा थांबायची, मग विषय बदलायची. स्टाफरूममध्ये माझा कप कधी चुकून दुसरीकडे जायचा नाही. आणि इथं दात पडलेली म्हातारी माणसं, कोकणातल्या आपल्या आमराईबद्दल सांगावं तशी, आम्ही गुलाम होतो म्हणून सांगत होती, पोराटोरांकडून म्हणवून घेत होती, वर पुन्हा जेवायला वाढत होती. मला रडू आलं. आणि रडू आल्याचा राग आला. नवरा म्हणाला, "मिरची लागली का?"

मला हे हवं होतं. दुसरं काही कारण नाही, आणि याहून मोठं कारण कोणाकडे असेल तर त्यानं ते आपल्या घरी ठेवावं.

मुंबईला एक म्हातारे गुरुजी होते, त्यांच्याकडे सुट्टीसुट्टीत जाऊन शिकायला लागले. त्यांनी आधी मला घालवूनच दिलं. आलेल्याला परत पाठवायचं, एकदा नव्हे, तीनदा, असा त्यांच्यात रिवाज आहे. "आम्हांला जगात कोण बरं म्हणतं, म्हणून तुम्हांला यायचंय?" असं ते विचारायचे. मी म्हटलं, मलाही कोणी म्हणत नाही. नाही हा शब्द ऐकायची मला घरूनच सवय होती, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही. शेवटी शिकणं झालं, त्यांच्यातल्या तिघा जाणत्यांनी बसून प्रश्न विचारले, आणि एकच गोष्ट उरली: वाहत्या पाण्यात, एका ज्यू बाईच्या डोळ्यांसमोर, डोक्याच्या केसासकट पूर्ण बुडी. ती मारली की मी त्यांची.

आता पाणी कुठलं? ऊर्जानगरजवळ इरई नदी, पण तिच्यात केंद्राची राख. गुरुजी नागपूरला नातेवाइकांकडे येणार होते, तेव्हा मी म्हटलं वैनगंगेवर जाऊ, मार्कंड्याच्या देवळाजवळ पाणी चांगलं असतं. शाळेला एक दिवस सुट्टी होती, तो ठरवला. सुट्टी कशाची, हे बघायची आमच्या घराला सवयच नव्हती. बापानं तिथीचं कॅलेंडर भिंतीला कधी लागू दिलं नाही. नवऱ्याला पाळीशिवाय दुसरा वार माहीत नव्हता. सासूला आणि गुरुजींना त्यांचे सण ठाऊक, दुसऱ्यांचे कशाला असतील? मूल गावी बस बदलली तर आत पाय ठेवायला जागा नाही. सगळ्यांच्या हातांत बेलाची पानं. महाशिवरात्र होती, आणि आम्ही चौघं मार्कंड्याच्या यात्रेला निघालो होतो.

परत फिरायला मी तयार नव्हते. देवळापासून बरंच वर जाऊन एक वळण गाठलं. गुरुजी काठावर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, नवरा त्यांच्याशेजारी. मी सैल गाऊन घालून पाण्यात उतरले, सासू गुडघाभर पाण्यात पातळ सावरत उभी. मी बुडी मारली. "केस वर राहिले," सासू म्हणाली. पुन्हा मारली. "अगं, केस तरंगताहेत तुझे!" पुन्हा. फेब्रुवारीतलं पाणी, माझे दात वाजत होते, आणि तिला मजा येत होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. अखेर तिनं हो म्हटलं, गुरुजींनी पाठमोऱ्यानंच आशीर्वाद म्हणवून घेतला, आणि तेवढ्यात यात्रेतल्या चार बायका आंघोळीला तिथं आल्या. त्यांतल्या एकीनं मला कुडकुडताना पाहिलं, तिला माझी कीव आली, आणि मी नको म्हणेपर्यंत तिनं माझ्या ओल्या कपाळाला कुंकू टेकवलं. "महादेव पावो बाई तुले," म्हणाली. ज्यू होऊन मला पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती.

कुंकू मी लगेच पुसलं, पण ज्यानं बघायचं त्यानं बघितलं होतं. अहेरीचा आमचा एक शेजारी यात्रेत बांगड्यांचं दुकान लावायचा. आठवड्याच्या आत बाप ऊर्जानगरला हजर. दारात उभा, आत येईना.

"मार्कंड्याले डुबकी मारली म्हंते तू. कुंकू लावून."

मी सगळं सांगितलं. यात्रा चुकून, कुंकू चुकून, डुबकी मात्र जाणून. महादेवासाठी नव्हे, ज्यू होण्यासाठी. त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं, मूर्खासारखं.

"म्या ज्या नदीत देव फेकले, त्याच नदीतून तू एक काढून आनला," तो म्हणाला. "महादेवासाठी गेली असती तं म्या म्हंटलं असतं, पोरगी भोळी हाय. तू तं शिकून सवरून गेली."

"त्यांच्यात मूर्ती नाही, बाबा. जात नाही."

"जात नाई?" तो हसला. तसं हसताना मी त्याला फार कमी वेळा पाहिलं. "पाहाजो मंग."

त्यानंतर वर्षभर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. मी अहेरीला गेले तर तो बाजाराला निघून जायचा. एकदा मीही रागानं मागोमाग बाजारात गेले, तर तिथं मोहफुलं विकणाऱ्या एका गोंड बाईनं मला बसवून घेतलं. माझी बातमी तिथवर पोचली होती. "तुमचा नवा पेन कुठी राहाते?" तिनं विचारलं. पेन म्हणजे त्यांच्यात देव. मी म्हटलं, कुठं राहत नाही, दिसतही नाही. "आमचाबी रोज थोडीच दिसते," ती म्हणाली, आणि मोहफुलं मापायला लागली. या सगळ्या वर्षांत माझं डोकं न सटकवता प्रश्न विचारणारी ही एकच.

कॉलनीत तर विचारूच नका. आमच्या दाराच्या चौकटीवर मेजुजा लावली होती, आत प्रार्थनेची गुंडाळी असलेली बोटभर डबी. शेजारचे भाऊ येता-जाता ती दाबायचे आणि म्हणायचे, "तुमची बेल खराब हाय." मी शुक्रवारी पांढरं कापड अंथरून दिवे लावले की केंद्राच्या चिमणीची राख खिडकीतून येऊन त्यावर बसायची, आणि समोरच्या बाई आपल्या ओट्यावरून सगळं टक लावून बघायच्या. इस्रायलहून नणंदेनं कळवलं की मुंबईच्या गुरुजींनी केलेलं असलं काही तिकडे चालत नाही. मी तिला कुठं विचारलं होतं?

मग मला दिवस गेले. सासू ट्रंक घेऊन आली आणि एकदम बदललीच. मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देईना. "बस गं, दमली असशील," म्हणायची. भाजी ती चिरायची, भात ती उतरवायची, भांडीसुद्धा तीच घासायची. मी साधं पातेलं उचललं तरी हातातून काढून घ्यायची. मला आई नव्हती. इतके लाड कोणी केले नव्हते. खरं सांगते, मला ती म्हातारी आवडायला लागली होती.

सातव्या महिन्यात तिनं मलिदा करायचं ठरवलं. त्यांचा एक नबी आहे, रथातून आकाशात गेलेला. त्याच्या रथाची खूण कोकणातल्या एका खडकावर आहे असं ते मानतात. काही मागायचं असलं, काही फेडायचं असलं की त्याच्या नावानं मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, भोवती फळं, सगळं एका मोठ्या ताटात. प्रार्थना झाली की घरातल्या सगळ्यांनी त्या एकाच ताटातून घ्यायचं. मला ते एकच ताट फार आवडायचं. मी अहेरीला निरोप पाठवला, आणि नातवंडाचं ऐकून बाप आला. चारोळी आणि मधाची बाटली घेऊन आला, आणि दाराजवळच्या खुर्चीत हात मागं बांधून बसला. सत्यनारायणाच्या दिवशी बसला असेल तसाच.

नवऱ्यानं प्रार्थना म्हटली. सासूनं ठाण्याहून आणलेलं पितळेचं मोठं ताट मध्ये ठेवलं. मग ती आत गेली आणि स्टीलची एक छोटी ताटली घेऊन आली. तिच्यात थोडा मलिदा आधीच वेगळा काढलेला होता. ती तिनं माझ्यासमोर ठेवली.

"हे तुझं," म्हणाली.

मला वाटलं, पोटुशीचं काही पथ्य असेल. मी विचारलं, हे कशाला? तर ती सहज, वाटी कुठं ठेवली ते सांगावं तसं म्हणाली, "आमच्यात असतं तसं."

नवरा पंख्याकडे बघायला लागला, आणि तेव्हा मला कळलं. त्यांच्यात एके काळी दोन भाग होते, गोरे आणि काळे. रंगाचा त्यात काही संबंध नाही. बाहेरच्या बाईपासून झालेली ती काळ्यांची पिढी. काळ्यांनी गोऱ्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही, ताटाला तर नाहीच. लग्नाआधी नवऱ्यानंच मला हे हसत हसत सांगितलं होतं, आणि हे केव्हाच संपलं असंही सांगितलं होतं. आपल्याकडे सगळं केव्हाच संपलेलं असतं. मला ती चिरलेली भाजी आठवली, हातातून काढून घेतलेलं पातेलं आठवलं. एवढे दिवस तिनं माझे लाड केले नव्हते, भांडी सांभाळली होती.

"आणि हिच्या पोटातल्याले?" बापानं खुर्चीतून विचारलं. वर्षभरानंतर त्याचा आवाज मी माझ्या घरात ऐकत होते. "त्यालेबी याच्यातच देसान का?"

"तुम्ही यात पडू नका हो," सासू म्हणाली. "दोन-तीन पिढ्या गेल्या की आपोआप मिटतं."

बाप उठला. मला वाटलं, आता हा माझ्याकडे बघेल, सांगितलं होतं ना असं म्हणेल, आणि निघून जाईल. त्याला तो हक्क होता. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही.

"बाई," तो सासूला म्हणाला, "हिले पान्यात डुबवली कोनं? तुमीच ना? एक एक केस पाहून डुबवली. मंग अजून काय वल्लं व्हायचं राह्यलं हिचं?"

आणि बाप खाली वाकला, पितळेच्या मोठ्या ताटात त्यानं मधोमध हात घातला, मूठभर मलिदा उचलला आणि खाल्ला. उभ्यानं, चावून, गिळून. मग दुसरी मूठ भरली आणि माझ्यासमोर धरली. "खाय," म्हणाला.

मी त्याच्या हातातून खाल्लं. मग स्वतःच्या हातानं, त्याच ताटातून घेतलं. सासू पांढरी फटक पडली होती. प्रार्थना झालेलं अन्न टाकता येत नाही, आणि दुसरं खाणारं घरात कोणी नव्हतं. शेवटी तिनं डोळे मिटून काठाकाठाची एक चिमूट घेतली. नवऱ्यानं पंखा सोडून ताटाकडे बघितलं आणि तोही जेवला, धाडस आपणच केल्यासारखा. स्टीलची ताटली मी त्याच दिवशी अंगणात कोंबड्यांना पाणी ठेवायला दिली. ती पुढं बरीच वर्षं तिथं होती, आणि सासू येईल तेव्हा ती ओलांडूनच घरात यायची.

बाप तोवर बाहेर नळावर गेला होता. चूळ भरत होता, थुंकत होता, पुन्हा भरत होता. मी गेटपर्यंत त्याच्यामागं गेले. मला आनंद झाला होता, इतका की मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहा ना बाबा आजचा दिवस. बाळ झालं की तुम्हीच आधी घ्या त्याला.

त्यानं हात सोडवून घेतला. "पोराले अहेरीले आनजो. मले आता तुह्या घरी बोलावू नको."

"का पण? तुम्ही तर माझ्यासाठी..."

"तुही माय मेली, तरी म्या ती प्रतिज्ञा मोडली नव्हती," तो म्हणाला.

चंद्रपूरची बस आली, आणि तो तीत चढला. मला मुलगी झाली. ती पितळेच्या ताटातच जेवून मोठी झाली, आणि तिचे आजोबा तिला अहेरीतच भेटत राहिले, शेवटपर्यंत.